नवजात बालकाची कावीळ : प्रकाशाचा उपचार, स्पर्शाची साथ

बाळ जन्माला आले की त्याच्या संगोपनाचा आरंभ आपल्याकडे स्पर्शाने होतो. अंगाला तेल लावणे, टाळू भरणे, ऊन पाण्याने न्हाऊ घालणे आणि मऊ दुपट्यात गुंडाळून उराशी धरणे हा क्रम महाराष्ट्रातील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आधुनिक वैद्यकशास्त्राने या परंपरेकडे प्रारंभी फारसे लक्ष दिले नव्हते. गेल्या चार दशकांत मात्र अनेक देशांतील डॉक्टर व परिचारिका यांनी स्पर्शाचा तान्ह्या मुलाच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. नवजात बालकाला होणारी कावीळ हा त्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय होय.

हा विषय केवळ डॉक्टरांपुरता मर्यादित नाही. काविळीवर प्रकाशाचा खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. तरीही वेळ टळून गेल्यामुळे काही बालके आयुष्यभराचे अपंगत्व घेऊन जगतात. दुसरीकडे, योग्य मालिश व आईच्या अंगाची ऊब यांची उपचाराला चांगली साथ मिळू शकते, असे अभ्यासांतून दिसून येत आहे. ही साथ कोठवर उपयोगी पडते आणि तिच्यावर कोठे विसंबून राहू नये, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पिवळेपणाचे मूळ

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या दर १० बालकांपैकी सुमारे ६ आणि अपुऱ्या दिवसांच्या दर १० बालकांपैकी सुमारे ८ बालकांच्या अंगावर पहिल्या आठवड्यात कमीअधिक पिवळेपणा दिसतो. कावीळ म्हटले की दूषित पाण्यातून पसरणारा मोठ्या माणसांचा रोग डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या रोगाचा आणि या पिवळेपणाचा संबंध नाही. बाळंतिणीने हळद किंवा पिवळे पदार्थ खाल्ल्यामुळे बाळ पिवळे होते, ही समजूतही निराधार आहे. अशा समजुतीपायी बाळंतिणीचे खाणे तोडल्यास आईची मात्र उपासमार होते.

गर्भाशयात बाळाला प्राणवायू कमी मिळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात. या पेशींचे आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींहून कमी असते. जन्मानंतर त्या झपाट्याने मोडू लागतात आणि त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. वजनाच्या मानाने पाहता नवजात बालकाच्या शरीरात हे द्रव्य प्रौढाच्या दुपटीहून अधिक निर्माण होते. ते पाण्यात विरघळेल अशा स्वरूपात आणून पित्तावाटे आतड्यात सोडणे, हे यकृताचे काम होय. नवजात बालकाच्या यकृताला हे काम पुरतेपणी जमण्यास काही दिवस लागतात. तोवर पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि कातडीत उतरते.

आतड्यात पोहोचलेले द्रव्य शौचावाटे बाहेर पडावयास हवे. बाळाला दूध कमी मिळाले आणि शी लवकर झाली नाही, तर त्यातील बराचसा भाग आतड्यातून पुन्हा रक्तात शोषला जातो. जन्मानंतरच्या पहिल्या काळसर चिकट शीमध्ये तर हे द्रव्य भरपूर असते. म्हणूनच जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावणे आणि चिकाचे दूध न टाकता पाजणे यांना काविळीच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. स्पर्शाचा जो उपयोग पुढे सांगावयाचा आहे, त्याची गुरुकिल्लीही याच टप्प्यावर आहे.

पूर्ण दिवसांच्या बालकात हा पिवळेपणा साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे पाचवीच्या पूजेच्या सुमारास, सर्वाधिक असतो. पुढे तो ओसरत जाऊन दोन आठवड्यांच्या आत बहुधा नाहीसा होतो. काही बालकांत मात्र तो वेगाने चढतो. आई व बाळ यांच्या रक्तगटातील विसंगती, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, प्रसूतीच्या वेळी डोक्याला मार लागून साकळलेले रक्त, पुरेसे दूध न मिळणे आणि तांबड्या पेशींतील जी-सिक्स-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता ही त्याची प्रमुख कारणे होत. या शेवटच्या कमतरतेत डांबराच्या गोळ्यांचा वासही रक्तपेशी मोडण्यास कारणीभूत ठरू शकतो. अशा गोळ्या घातलेल्या ट्रंकेतील जुनी मऊ लुगडी काढून त्यांची दुपटी करण्याची पद्धत या दृष्टीने धोक्याची आहे.

पिवळे द्रव्य विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की ते मेंदूत शिरते. मग बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही, कर्कश रडते, पुढे कमानीसारखे मागे ताठते. यातून वाचलेल्या काही मुलांना ऐकू येत नाही, तर काहींच्या हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही. विशेष हे की, यांतील अनेक मुलांची बुद्धी बऱ्याच अंशी शाबूत असते. बोलता येत नाही आणि हात स्थिर राहत नाही म्हणून मतिमंद समजले गेलेले एखादे मूल शिक्षकांनी पाहिले असेल. अशा मुलाच्या अपंगत्वाचे मूळ पहिल्या आठवड्यातील काही तासांत असण्याचा संभव असतो.

प्रकाशाचा शोध

काविळीवरील प्रकाशोपचाराचा शोध एका परिचारिकेच्या निरीक्षणातून लागला, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बालकांची देखभाल करीत असत. उघड्यावरील स्वच्छ हवा व ऊन यांवर त्यांचा विश्वास होता. चांगले ऊन पडले की त्या बालकांना बाहेर अंगणात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बालक उघडे करून दाखविले. त्याच्या अंगावरील पिवळेपणा फिका झाला होता. जेथे कपड्याची घडी होती तेवढाच भाग गडद पिवळा राहिला होता. पुढे खिडकीशी उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन कमी झाल्याचे आढळले. या धाग्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले.

आज रुग्णालयात फोटोथेरपी या नावाने जो उपचार दिला जातो, तो हाच. निळा प्रकाश कातडीतील बिलिरुबिनच्या रेणूंची ठेवण बदलतो. बदललेले द्रव्य यकृताच्या प्रक्रियेवाचून पित्त व लघवी यांवाटे बाहेर पडू शकते. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी आणि कमरेला लंगोट एवढेच ठेवून बाकीचे अंग प्रकाशात उघडे ठेवतात. ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी या कामी सर्वांत परिणामकारक ठरतात. उपचार सुरू केव्हा करावयाचा, हे बाळाचे तासांतील वय, ते किती आठवड्यांचे आहे आणि रक्तातील द्रव्याचे प्रमाण यांवरून डॉक्टर ठरवितात. प्रमाण फारच चढल्यास बाळाचे रक्त बदलण्याची वेळ येते.

मग घरच्या उन्हात बाळाला धरले तर काय बिघडले, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. उन्हात निळ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरण व उष्णता असते. उघडे बाळ सकाळच्या गारव्यात गारठते, तर उन्हात तापून त्याच्या अंगातील पाणी कमी होते. पुरेसा प्रकाश मिळाला की नाही, हे मोजता येत नाही. अपायकारक किरण गाळणाऱ्या खास पडद्यांखाली, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीने दिलेला सूर्यप्रकाश उपयोगी पडतो, असे नायजेरियातील २०१५ च्या अभ्यासात आढळले. तथापि तो गाळलेला व देखरेखीखालील प्रकाश होता. ओसरीवरचे कोवळे ऊन नव्हे. वाढलेल्या काविळीवर ओसरीवरच्या उन्हाचा भरवसा धरणे म्हणजे मोलाचे तास गमावणे होय.

स्पर्शाचा उपयोग

बाळाला होणाऱ्या स्पर्शाच्या शास्त्रीय अभ्यासाला चालना देणाऱ्यांत अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या डॉ. टिफनी फील्ड यांचे नाव अग्रभागी आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिवसातून ३ वेळा १५-१५ मिनिटे याप्रमाणे १० दिवस मालिश व हातापायांची हालचाल देण्यात आली. अशी बालके इतरांच्या तुलनेत रोज ४७ टक्के अधिक वजन मिळवीत असल्याचे दिसले. मालिशीने पचनेंद्रियांच्या हालचालीचे नियमन करणारी मज्जा उत्तेजित होते, असा त्याचा एक खुलासा केला जातो.

हाच धागा काविळीशी जोडला गेला. २०११ मध्ये जपानमधील एका वैद्यकीय नियतकालिकात पूर्ण दिवसांच्या बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बालकांना मालिश मिळाली, त्यांना पहिल्या दोन दिवसांत अधिक वेळा शी झाली आणि चौथ्या दिवशी त्यांच्यातील बिलिरुबिनचे प्रमाण कमी आढळले. तैवानमधील २०१५ च्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रकाशोपचार चालू असलेल्या बालकांना मालिश देण्यात आली. तेथेही तिसऱ्या दिवसापर्यंत असाच कल दिसला. इराणमध्येही या विषयावर अनेक प्रयोग झाले आहेत. तळपायाच्या ठरावीक बिंदूंवर दाब देण्याच्या पद्धतीही काही ठिकाणी अजमावल्या गेल्या, परंतु त्यांचा पाया अद्याप भक्कम झालेला नाही.

या निष्कर्षांचे मोल त्यांच्या मर्यादेसह जाणून घेतले पाहिजे. अभ्यासातील बालकांची संख्या बहुधा लहान होती, पद्धती वेगवेगळ्या होत्या आणि मिळालेला लाभ मध्यम स्वरूपाचा होता. मालिशीने रक्तगटातील विसंगती दूर होत नाही. पेशींचे मोडणे थांबत नाही. आतडी हलती राहिल्याने पिवळ्या द्रव्याची बाहेर पडण्याची वाट मोकळी होते, एवढेच तिचे कार्य. म्हणून मालिश ही प्रकाशोपचाराची जागा घेणारी नसून त्याला हातभार लावणारी आहे.

रुग्णालयात हा हातभार कसा लावावयाचा, हे तेथील डॉक्टर व परिचारिका यांच्या सल्ल्याने ठरवावे. दूध पाजण्यासाठी बाळाला प्रकाशाखालून काढतात, तोच काळ स्पर्शासाठी सोयीचा असतो. हात धुऊन व कोमट करून डोक्यापासून पायापर्यंत हलक्या दाबाने हात फिरवावा. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोलाकार फिरवावा. दूध पाजल्याबरोबर पोट दाबू नये. बाळाला प्रकाशाखाली ठेवण्यापूर्वी अंगाला तेल लावावयाचे तर ते विचारूनच. काविळीचे प्रमाण फार चढलेले असेल आणि प्रकाश अखंड ठेवण्याची सूचना असेल, तर मालिशीसाठी बाळाला बाहेर काढण्याचा आग्रह धरू नये. अशा वेळी दिव्याखालीच बाळाच्या डोक्याशी एक हात व पावलांशी दुसरा हात स्थिर ठेवणे, एवढ्यानेही रडणारे बाळ शांत होते.

आईच्या उराची ऊब

स्पर्शाच्या उपचारांत सर्वांत भक्कम आधार ‘कांगारू मातृसेवा’ या पद्धतीला लाभला आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथे १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, कमी वजनाच्या बालकांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. पुढे हा मार्ग जगभर पसरला. भारतासह ५ देशांतील ३,२११ कमी वजनाच्या बालकांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच कांगारू मातृसेवा सुरू केल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

काविळीच्या बाबतीत या पद्धतीचा उपयोग असा की, उराशी असलेले बाळ अधिक वेळा दूध पिते, आईला दूधही अधिक येते, बाळाचे अंग ऊबदार राहते आणि शी वेळेवर होते. उपचारातील मधल्या वेळेत आईने, आणि तिला शक्य नसेल तर वडिलांनी किंवा आजीने, बाळाला असे धरावे. काही रुग्णालयांत प्रकाश देणारी मऊ चादर असते. ती अंगाखाली घेऊन बाळाला कुशीत धरताही येते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले बाळ निळ्या दिव्याखाली एकटे पडलेले पाहून अनेक माता धास्तावतात. काही कुटुंबे उपचार अर्धवट टाकून घरी नेण्याची भाषा करू लागतात. ‘बाळाला तुमचा हात हवा आहे’ हे जेथे आईला सांगितले जाते, तेथे ती उपचारात सहभागी होते.

परंपरेतील ठेवणीचे आणि टाकण्याजोगे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकाला सौम्य मालिश देण्यास अनुकूलता दर्शविली आहे. मुंबईत झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशीने बालकांचे वजन चांगले वाढल्याचे आढळले होते. घरच्या मालिशीला अशा रीतीने शास्त्राचाही दुजोरा मिळाला आहे.

परंतु हा दुजोरा सौम्य हाताला आहे. बाळाला उलटे टांगून झटके देणाऱ्या, नाकपुड्यांत व कानांत तेल सोडणाऱ्या किंवा स्तन पिळणाऱ्या हाताला नव्हे. बंद खोलीतील शेगडीची धुरी बाळाच्या श्वासाला अपायकारक आहे. मध, गुटी किंवा साखरेचे पाणी चाटविल्याने कावीळ उतरत नाही. उलट अंगावरचे दूध तेवढे कमी जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. गळ्यात माळ बांधणे, मंत्राने कावीळ उतरविणे यांत दिवस जातात. आणि तापल्या सळईने पोटावर डाग देणे हा तर तान्ह्या जिवावरील अत्याचार होय.

मालिशीचा आणखी एक मोठा उपयोग आहे व तिकडे सहसा लक्ष जात नाही. बाळंतिणीची खोली पुष्कळदा अंधारी असते आणि बाळ दिवसभर अंगडे-टोपडे व दुपटी यांत झाकलेले असते. त्याचे सर्वांग उघडे होते ते दिवसातून एकदा, तेल लावताना. त्या वेळी खिडकी उघडून, दिवसाच्या उजेडात, कपाळ, छाती, पोट व तळपाय यांवर बोट क्षणभर दाबून उचलावे. दाबलेली जागा पिवळी दिसते काय, ते पाहावे. सावळ्या बाळाच्या हिरड्या व डोळ्यांतील पांढरा भागही पाहावा. पिवळेपणा साधारणतः चेहऱ्याकडून पायांकडे उतरत जातो. तळहात व तळपाय पिवळे दिसू लागले की तो फार वाढला असे समजावे. नजरेने नेमके प्रमाण कळत नाही, त्यासाठी तपासणीच हवी. पण तपासणीला न्यावयाचे केव्हा, हे घरच्या डोळ्यांनाच प्रथम कळते. रॉचफर्डच्या परिचारिकेला जे दिसले, ते बाळाला रोज हाताळणाऱ्या आजीला किंवा मालिश करणाऱ्या बाईलाही दिसू शकते.

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे : जन्मापासून २४ तासांच्या आत दिसलेला पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, दूध न ओढणे, सुस्ती, ताप किंवा अंग गार पडणे, कर्कश रडणे, ताठरणे किंवा झटके, दोन आठवड्यांनंतरही टिकलेली कावीळ, आणि पांढुरकी शी किंवा गडद पिवळी लघवी. या अखेरच्या लक्षणामागे पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाल्यास अधिक यशस्वी होते.

गावाने करावयाचे काम

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची घरोघर देखभाल सोपविली. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखवून दिले. २०११ पासून देशभर राबविण्यात येत असलेल्या योजनेत आशा स्वयंसेविका रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्याच दिवशी एक भेट अधिक होते. साध्या प्रसूतीनंतर आई सुमारे ४८ तासांनी घरी येते, आणि कावीळ चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे तिसऱ्या व सातव्या दिवसांच्या भेटींमधला काळ घरच्या माणसांनीच जागता ठेवावयाचा असतो.

येथे एक अडचण विशेष जाणवते. पहिले बाळंतपण माहेरी होते; गरोदरपणीची नोंद मात्र पुष्कळदा सासरच्या गावी असते. त्यामुळे बाळाच्या घरभेटी हुकण्याचा संभव राहतो. माहेरी आलेल्या गरोदर मुलीची माहिती आशा स्वयंसेविकेला देण्याचे काम ग्रामपंचायत सदस्यांना सहज करता येईल. ग्राम आरोग्य समितीच्या सभेत काविळीची लक्षणे वाचून दाखवावीत. मालिश करणाऱ्या बायांना व सुईणींना आरोग्य सेविकेसमवेत बोलवावे. त्यांचा हात थांबवावयाचा नसून त्यांची नजर तयार करावयाची आहे. शिक्षकांनी पालक-सभेतून हा विषय मांडावा.

पैशाअभावी कोणी अडू नये यासाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बालकावर विनामूल्य उपचार होतात. त्यासाठी जाण्या-येण्याचे वाहनही मोफत मिळते. १०२ व १०८ हे वाहनाचे क्रमांक शाळेच्या व पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असावेत. विशेष नवजात शिशु काळजी कक्षात प्रकाशोपचाराची सोय असते. आपल्या गावाहून असा सर्वांत जवळचा कक्ष कोणता, हे प्रत्येक सदस्याला ठाऊक असावे. वाटेत बाळाला उराशी धरून, ऊबदार ठेवून, दूध पाजत न्यावे.

प्रकाशाचा दिवा रुग्णालयात आहे आणि मायेचा हात घरात आहे. घरातील हाताने पिवळेपणा वेळीच ओळखावा, बाळाला दिव्यापर्यंत पोहोचवावे आणि उपचार चालू असताना त्याला साथ द्यावी. एवढा क्रम गावोगावी अंगवळणी पडला, तर पहिल्या आठवड्यातील काही तासांपायी कोणत्याही मुलाची श्रवणशक्ती किंवा चालण्याची ताकद गमावण्याची वेळ सहसा येणार नाही.